गरी टाकण्याआधी रीळ मोजून घ्या

भाताची झोडणी उरकली, की कोकणातले कितीतरी शेतकरी बंधू संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी गरवायला बसतात. आता बऱ्याच जणांच्या हाती रिळाची काठी आली आहे. पण मोठा मासा लागला की दोरी तुटते आणि दोष दोरीला दिला जातो.

मी स्वतः एक जिताडा असाच घालवला. हाताने दोरी ओढून पाहिली, घट्ट वाटली, समाधान झाले. माशाने खडकाकडे धाव घेताच घाबरून चावी आणखी पिळली आणि दोरी तटकन तुटली. मासा गेला तो गेला, तोंडात गरी घेऊन गेला, याची रुखरुख अधिक लागली.

रिळाच्या आत वायसर असतात. चावी पिळली की ते आवळतात आणि ओढ लागली की दोरी अडत अडत सुटते. यालाच ड्रॅग म्हणतात. अवखळ खोंडाचा कासरा आपण हातातून थोडाथोडा सोडतो ना, तसेच हे.

दोरी जितक्या किलोला तुटते, त्याच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढाच ड्रॅग ठेवा. ६ किलोची दोरी असेल तर दीड ते दोन किलो. हे कमी वाटेल. पण गाठीशी दोरी कच्ची होते आणि माशाचा हिसका वेगळाच. अंदाज नको. प्लॅस्टिकच्या हलक्या कॅनमध्ये दीड लिटर पाणी भरा, म्हणजे दीड किलो झाले. कड्यांतून ओवलेली दोरी त्याला बांधा आणि काठी वाकवून कॅन उचला. तो जेमतेम उचलला जाऊन दोरी हळूहळू सुटू लागली, की चावी तिथेच राहू द्या.

मासा धावत असताना चावीला हात लावू नका, मूठही फिरवू नका. दोरीला पीळ पडतो. दोरी फार गेली तर उलट चावी जराशी सैल करावी. रिळावरचा वेढा निम्म्या जाडीचा उरला, की त्याच चावीला ओढ दुप्पट होते! जास्त अडवायचेच असेल तर रिळाच्या कडेला बोट टेकवा.

घरी आल्यावर चावी आवळून रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा आणि मग चावी पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेलीच राहिली तर नमद्याचे वायसर दबून बसतात आणि पुढच्या खेपेला दोरी हिसके देत सुटते.