सल्लागाराची हक्काची संध्याकाळ

रुग्णाची माहिती घेताना आपण आहार-निद्रेबरोबर व्यवसायही विचारतो. ‘मॅनेजमेंट कन्सल्टंट’ असे उत्तर आल्यास त्या व्यवसायाचे स्वरूप वैद्याला ठाऊक असणे आवश्यक ठरते. अन्यथा ‘वेळेवर जेवा, वेळेवर झोपा’ हा उपदेश रुग्णाला अशक्यप्राय वाटतो. म्हणून हा अल्प परामर्श.

दुसऱ्यांच्या उद्योगांतील अडचणी अभ्यासून उपाय सुचविणे, हे व्यवस्थापन सल्लागाराचे काम होय. जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये शिकागो येथे आणि ब्रूस हेंडरसन यांनी १९६३ मध्ये बोस्टन येथे स्थापन केलेल्या संस्था या क्षेत्रात अग्रगण्य मानल्या जातात. काही जणांचा एक गट ठरावीक आठवड्यांसाठी एका ग्राहक कंपनीचे काम हाती घेतो. सोमवारी पहाटेच्या विमानाने ग्राहकाच्या शहरी जायचे आणि गुरुवारी रात्री घरी परतायचे, हा अमेरिकेत दीर्घकाळ रूढ असलेला क्रम. २०२० च्या महासाथीनंतर प्रवास काहीसा घटला. परंतु ग्राहकाच्या हाकेला तत्काळ ओ देण्याची अपेक्षा घटली नाही.

याला जोड मिळते ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ या प्रथेची. ठरावीक काळात बढती न मिळाल्यास संस्था सोडावी, असा तिचा अर्थ. त्यामुळे टिकून राहावे की अन्यत्र जावे, हा प्रश्न येथील तरुणासमोर वारंवार उभा राहतो. वेतन व अनुभव एका पारड्यात आणि कुटुंब व आरोग्य दुसऱ्या पारड्यात टाकून तो निर्णय घेऊ पाहतो. मात्र हे दुसरे पारडे जड का होते, याचा विचार क्वचितच होतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका लेस्ली पर्लो यांनी नेमका हाच विचार केला. त्यांनी २००८ मध्ये एक हजार व्यावसायिकांची पाहणी केली. त्यांपैकी ९४ टक्के लोक आठवड्यास ५० किंवा अधिक तास काम करीत होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे ६५ तासांहून अधिक. कार्यालयाबाहेर दूरध्वनी-यंत्रावर संदेश पाहण्यात जाणारे तास यात धरलेलेच नव्हते.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये त्यांनी केलेला प्रयोग साधा होता. गटातील प्रत्येकाने आठवड्यातील एक संध्याकाळ आधीच ठरवून घ्यायची व त्या वेळी सहानंतर काम करायचे नाही, संदेशही पाहायचे नाहीत. शिवाय दर आठवड्यास सर्वांनी एकत्र बसून कामाविषयी मोकळेपणाने बोलायचे. प्रारंभी खुद्द सल्लागारांनीच विरोध केला. पुढे मात्र कामातील समाधान वाढले, संस्थेत दीर्घकाळ राहण्याची इच्छा बळावली आणि गटातील संवादही सुधारला. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका संध्याकाळीने कामाचा डोंगर हलत नाही, हे उघड आहे. परंतु केवळ दीर्घ तासांपेक्षा, आपली कोणतीच वेळ निश्चित आपली नाही ही जाणीव माणसाला अधिक थकवते, हे या प्रयोगातून ध्यानी येते. दुसरे असे, की ही संध्याकाळ एकट्याच्या निग्रहाने मिळालेली नव्हती. सहकाऱ्यांनी एकमेकांचे काम सांभाळले आणि वरिष्ठांनी पाठिंबा दिला, म्हणूनच ती मिळाली.

तेव्हा या क्षेत्रात शिरणाऱ्याने किंवा त्यातून बाहेर पडू पाहणाऱ्याने केवळ वेतनाचा आकडा न पाहता तीन प्रश्न विचारावेत. आठवड्यातील कोणती वेळ निश्चितपणे माझी असेल? मी नसताना माझे काम कोण पाहील? आणि हे बोलून दाखविल्यास गटप्रमुख ऐकून घेईल काय? उत्तरे होकारार्थी असतील, तर कष्टाचे कामही पुष्कळ वर्षे निभावता येते. ती नकारार्थी असतील, तर संस्था सोडण्यात दुबळेपणा नाही. असा तरुण आपल्याकडे आला, तर औषधयोजनेपूर्वी हे प्रश्न त्याच्यापुढे अवश्य ठेवावेत.