कण्हेर : फुलांचे दान आणि विषाचे भान

कण्हेरीचे संस्कृत नाव करवीर. हे नाव ऐकताच मराठी श्रोत्याला कोल्हापूरची आठवण होते, कारण त्या नगरीचे जुने नावही करवीरच होय. तमिळनाडूत तिरुवारूर जिल्ह्यात तिरुक्करवीरम् नावाचे शिवक्षेत्र आहे व तेथील स्थलवृक्षही कण्हेरच आहे. तमिळ भाषेत या झुडपास अरळी म्हणतात. कावेरीकाठच्या ज्या मुलखात तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत नांदले आणि जेथे मराठी घराणी स्थायिक झाली, तेथे अरळीच्या माळांवाचून देवपूजा क्वचितच होते.

याच मुलखात कुंभकोणमजवळ इन्नंबूर हे गाव आहे. तेथील शिवाला एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा देव, असे म्हणतात. त्याने अगस्त्यांना व्याकरण शिकविले अशी श्रद्धा असल्याने अक्षरारंभासाठी मुलांना येथे आणतात. देवळाच्या फुलबागेस तमिळमध्ये नंदवनम् असा शब्द आहे. जेथे लहान मुलांची सदैव ये-जा असते अशा बागेत कोणते झुडूप कोठे लावावे, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

कण्हेर लावणे सोपे आहे. तिच्या पानांखालची श्वसनरंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे उन्हातही पाणी कमी उडते. म्हणूनच महामार्गांच्या मधल्या पट्ट्यांत ती लावतात. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी तुंबलेले पाणी. कावेरीच्या खोऱ्यातील गाळाची जमीन सुपीक असली तरी ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ती चिंब होते. अशा ठिकाणी वीतभर उंच वरंबा करून त्यावर लागण करावी. वीतभर लांबीची पक्व काडी घ्यावी, खालची पाने काढावी आणि ती ओलसर वाळूत रोवावी. मुळे फुटल्यावर शेणखत मिसळलेल्या मातीत हलवावी. कुंपणासाठी दोन झुडपांत सुमारे १ मीटर आणि सुट्या झुडपासाठी सुमारे २ मीटर अंतर ठेवावे.

कण्हेरीला नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून बहर ओसरला की फांद्या छाटाव्या, म्हणजे झुडूप आटोपशीर राहते आणि पुढला बहर भरघोस येतो. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडल्यास तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा.

शेजारची झुडपे मात्र निराळ्या स्वभावाची. जास्वंदीला नियमित पाणी हवे, आणि पिठ्या ढेकूण दिसताच तो पुसून काढावा लागतो. तगर अर्धवट सावलीतही फुलते. तमिळ स्त्रियांना वेणीसाठी प्रिय असलेल्या अबोलीला ओलावा व पाण्याचा निचरा दोन्ही लागतात. मोगऱ्याची छाटणी तमिळनाडूत नोव्हेंबरअखेर करतात, म्हणजे मार्चपासून कळ्या धरतात. एकाच दिवशी साऱ्या बागेला सारखेच पाणी देणारा माळी म्हणूनच एका झुडपाला सुखावतो व दुसऱ्याला कुजवितो.

आता कण्हेरीची दुसरी बाजू. तिचे मूळ, काडी, पान, फूल, बी, सारेच विषारी आहे. त्यातील द्रव्ये हृदयाच्या स्पंदनाची लय बिघडवितात. उलट्या होतात, नाडी मंद व अनियमित होते, आणि प्राणही जाऊ शकतो. मूळ अमेरिकेतून आलेली पिवळी कण्हेर, जिला मराठीत बिट्टी म्हणतात, हे निराळे झाड. पण तिच्या बियांत याच जातीचे विष आहे. त्या बियांशी मुले खेळतात, हे विसरता येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात केरळातील एका मृत्यूचे कारण अरळी असावी अशी शंका आल्यावर त्रावणकोर देवस्वम् मंडळाने नैवेद्य व प्रसाद यांत तिची फुले वापरणे बंद केले.

यावरून कण्हेर उपटून टाकावी असे नाही. तिची जागा ठरवावी, एवढेच. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व गोठ्यापासून दूर, भिंतीकडेला लावावी. छाटताना हातमोजे घालावे आणि नंतर हात धुवावे. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत, सरपण म्हणून जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो. तिचे फूल प्रसादात किंवा तीर्थात पडू देऊ नये. कोणी पान वा बी खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्यावी.

मुलांना अक्षरांबरोबर झाडांची ओळखही करून द्यावयास हवी. या फुलाने देवाची पूजा होते, पण ते तोंडात घालावयाचे नसते, हे ज्याला लहानपणीच समजले, त्याच्या अंगणात कण्हेर निर्धोकपणे फुलू शकते.