मूत्रपिंड दुबळे असेल तर औषधाची मात्रा



ऊस सोडून शेती खाते औषधांवर कधीपासून लिहू लागले, असे काहीजण विचारतील. आम्ही डॉक्टर नव्हे. पण प्रसंगच तसा घडला.

आपल्या एका सभासदाचा मुलगा भिवंडीजवळ काल्हेरला गोदामात हमाली करतो. वडील त्याच्याकडे राहायला गेले होते. वय ७०, वजन ४५ किलो, साखरेची व ब्लडप्रेशरची गोळी चालू. गुडघे दुखतात म्हणून मुलगा स्वतः घेत असे तीच दुखण्यावरची गोळी त्यांनाही देऊ लागला. आठ-दहा दिवसांत पायाला सूज, लघवी कमी. आधीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.४ होते, 'थोडेच जास्त आहे' म्हणून कागद कपाटात पडून राहिला होता.

हा १.४ चा आकडा फसवा असतो. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी एक हिशेब मांडला, तो आजही औषधाची मात्रा ठरवताना वापरतात. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. या बाबांचे उत्तर येते ३१. तेच १.४ क्रिएटिनिन पंचविशीतल्या ७० किलोच्या गड्याचे असेल तर ८०! हल्ली पुष्कळ लॅब ईजीएफआर म्हणून असाच एक आकडा रिपोर्टवर छापून देतात, तो आधी बघावा.

निचरा नसलेल्या रानात क्षार कसे साठतात हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? मूत्रपिंडाचा निचरा मंदावला की पुष्कळ औषधे तशीच अंगात साठतात. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली देत नाहीत, ४५ च्या खाली सहसा मात्रा कमी करतात. इन्सुलिन जास्त वेळ टिकते आणि साखर एकदम उतरते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांची तऱ्हा निराळी. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच कमी करतात; त्यात उन्हाने अंगातले पाणी आटलेले आणि ब्लडप्रेशरची व लघवीची गोळी चालू असली तर धोका फारच वाढतो. तोडणीच्या दिवसांत फडात अशा गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या वाटतात, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. जनावरांना टोचलेल्या याच डायक्लोफिनॅकने, मेलेली ढोरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मात्र हे वाचून ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्यांतल्या काही गोळ्या मूत्रपिंड सांभाळण्यासाठीच दिलेल्या असतात. दुकानातून गोळी घेताना 'किडनीचा त्रास आहे' एवढे सांगावे आणि डॉक्टरांकडे जाताना शेवटचा रिपोर्ट व चालू सगळ्या गोळ्या, भस्म-काढ्यांसकट, पिशवीत घालून न्याव्यात.

बाबांची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन कमी केली, गुडघ्यासाठी मोजून पॅरासिटामॉल दिले. सूज उतरली आहे. पुढची रक्ततपासणी महिन्याने आहे.