सीनियरचं जर्नल आणि मलायाचं जंगल

सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल उतरवून काढलंय कधी? रीडिंग तेच, ग्राफ तोच. पण व्हायवाला सरांनी ‘हे असंच का?’ विचारलं की ततपप! सैन्यांचंही असं होतं. फक्त तिथे नापास होण्याची किंमत साधी माणसं मोजतात.

गनिमी कावा आपण नेहमी गनिमांच्या बाजूने वाचतो. जरा समोरच्या बाजूने बघा. साल १९४८. मलाया, म्हणजे आजच्या मलेशियाचा एक भाग, ब्रिटिशांच्या ताब्यात. जूनमध्ये युरोपियन मळेवाल्यांचे खून झाले आणि आणीबाणी लागली. कम्युनिस्ट बंडखोर जंगलात, आणि मागे लागलेलं सैन्य नुकतंच महायुद्ध जिंकलेलं. जे येत होतं तेच त्यांनी केलं: मोठ्या फौजा घेऊन जंगल पिंजून काढलं. एवढ्या बुटांचा आवाज झाल्यावर कोण थांबतंय? बंडखोर पसार. डिसेंबरमध्ये तर बतांग काली इथे सैनिकांनी २४ निःशस्त्र गावकऱ्यांना गोळ्या घातल्या.

बदल हळूहळू झाला. जोहोरमध्ये जंगलयुद्धाची शाळा निघाली. मोठ्या फौजांऐवजी छोट्या तुकड्या जाऊ लागल्या. गस्तीवरून आलेल्यांचा अनुभव नव्या पलटणींना शिकवला जाई. १९५२मध्ये त्याचं खिशात मावेल असं पुस्तकही झालं.

पण खरा बदल प्रश्नात झाला. ‘बंडखोर कुठे आहेत?’ याऐवजी १९५०मध्ये जनरल ब्रिग्जने विचारलं, ‘त्यांना तांदूळ कोण देतं?’ उत्तर होतं, जंगलाच्या कडेला राहणारे गरीब चिनी शेतकरी. अशा सुमारे पाच लाख लोकांना उचलून तारेच्या कुंपणातल्या ‘नव्या गावां’त नेलं. ही जबरदस्तीच होती, त्यात गोड काही नाही. मात्र त्यांच्या जुन्या जमिनीचे कागद बहुतेकांकडे नव्हतेच. नव्या गावात जमीन मिळाली, पुढे नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९५२मध्ये आलेल्या जनरल टेम्पलरचं म्हणणं होतं की लढाई लोकांच्या मनात जिंकायची आहे. १९५७मध्ये मलाया स्वतंत्र झाला, बंडाचा मुख्य मुद्दाच गेला. १९६०मध्ये आणीबाणी उठली.

आता जर्नलची कॉपी. १९६२मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये हीच योजना उतरवली. सल्लागारही मलायात काम केलेले! पण इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जमिनीवर, पूर्वजांच्या थडग्यांपाशी राहणारा. त्याला हलवलं की तो सरकारवरच उलटे. दोनेक वर्षांत योजना कोसळली. अमेरिकी सैन्य पुढेही मेलेले शत्रू मोजत राहिलं.

आपणही यातून सुटलो नाही. १९६७पासून मिझो टेकड्यांत आपल्या लष्कराने गावं हलवून एकत्र केली. झूम शेती तुटली, राग वाढला. शांतता आली ती १९८६च्या करारानंतर, चर्चेच्या टेबलावर.

म्हणून कुणी ‘अमुक देशाचं मॉडेल इथे आणा’ म्हणालं, की तुम्ही व्हायवा घ्या. तिथे जमीन कुणाची होती? लोकांना बदल्यात काय मिळालं? आणि घर कुणाचं उठलं? उत्तर नसेल, तर समजा जर्नल उतरवलेलं आहे.