थोर माणसाची गोष्ट मुलांना सांगताना

लेखमाला : मुलांसाठी लिहिताना – भाग 6

मागच्या भागात आपण कल्पित गोष्टींमधल्या पात्रांविषयी बोललो. आज खऱ्या माणसांकडे वळू. मराठीत मुलांसाठी चरित्रं भरपूर लिहिली गेली आहेत, पण मुलं ती आपणहून हातात घेताना फारशी दिसत नाहीत. वक्तृत्व स्पर्धा आली की तेवढ्यापुरती पानं उलटली जातात. यात मुलांचा दोष नाही. चरित्र लिहायला बसलो की पहिल्याच वाक्यात आपण हार घालून मोकळे होतो, आणि हार घातलेल्या फोटोशी कुणी गप्पा मारत नाही.

सोलापूरचंच उदाहरण घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. डॉक्टरीचं शिक्षण त्यांनी मुंबईत घेतलं. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चीनने भारताकडे डॉक्टर मागितले आणि 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. बाकीचे चौघे पुढे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. 1940 मध्ये लढाई पेटलेली असताना त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला. आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते आजाराने वारले.

हे तिसरी-चौथीतल्या मुलासाठी लिहायचं आहे. आपल्या हातून सहज उतरणारं वाक्य साधारण असं असतं: ‘थोर मानवतावादी डॉ. कोटणीस यांनी सर्वस्वाचा त्याग करून, परक्या भूमीवर जाऊन, जखमी सैनिकांची अहोरात्र सेवा केली.’

वाक्यात चूक काहीच नाही. पण ते नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. ‘सर्वस्वाचा’ला तो अडखळेल, कारण तिथे रफार आणि जोडाक्षर एकापाठोपाठ येतात. ‘त्याग’ आणि ‘अहोरात्र’ तो वाचेल, पण हे शब्द त्याने घरी कधी ऐकलेले नसतील. त्यात मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. मध्ये ‘करून’, ‘जाऊन’ घालत गेलो की कुणी, कुठे, कुणासाठी हे सगळं मुलाला ‘केली’पर्यंत डोक्यात धरून ठेवावं लागतं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटते.

सोलापुरात तर याचा आणखी विचार करायला हवा. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कितीतरी घरांत कन्नड, कुठे दखनी उर्दू. वर्गातल्या अनेक मुलांना पुस्तकातली मराठी शाळेतच पहिल्यांदा भेटते.

पण कोटणिसांच्या गोष्टीची वाट याच मुलांकडून सापडते. चीनमध्ये गेल्यावर कोटणिसांना चिनी भाषा शिकावी लागली आणि ते ती शिकले. आजूबाजूला सगळे वेगळीच भाषा बोलताहेत आणि आपल्याला ती येत नाही, हा अनुभव पूर्व भागातल्या सात वर्षांच्या मुलीने पहिलीच्या वर्गात घेतलेला असतो. युद्ध, परदेश, शस्त्रक्रिया हे तिच्यापासून लांब आहे. न कळणारी भाषा मात्र तिच्या ओळखीची आहे. म्हणून सुरुवात तिथून करू:

‘डॉक्टर कोटणीस सोलापूरचे. ते चीनला गेले. तिथले लोक चिनी बोलायचे. डॉक्टरांना चिनी येत नव्हतं. पेशंटला विचारणार कसं, कुठे दुखतंय? मग डॉक्टर चिनी शिकू लागले.’

यात ‘थोर’ हा शब्द नाही, त्याची गरजही पडत नाही. मूल पुढे वाचेल आणि हा माणूस किती मोठा होता ते त्याचं त्याला समजेल. थोर माणसाच्या आयुष्यात मूल स्वतः कधीतरी उभं राहिलंय अशी जागा शोधायची, हे चरित्रलेखनातलं पहिलं काम आहे, असं मी मानतो.

साने गुरुजींनी हे फार चांगलं ओळखलं होतं. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. त्यातला श्याम पोहायला घाबरतो, हट्ट करतो, आईचा मारही खातो. प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटलं आणि बहुतेक रात्री एकेका आठवणीभोवती उभ्या केल्या. आपणही एका प्रकरणात एकच प्रसंग घ्यावा.

दोन पथ्यं मात्र कसोशीने पाळायची. पहिलं, खऱ्या माणसाच्या तोंडी मनचे संवाद घालायचे नाहीत. निघताना आई काय म्हणाली, आभाळ कसं होतं, याची नोंद सापडली तर लिहा, नाहीतर सोडून द्या. मूल पुस्तकावर पूर्ण विश्वास टाकतं. त्या विश्वासाशी खेळण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरं, मृत्यू लपवायचा नाही. ‘डॉक्टर घरी कधी आले?’ असं मूल विचारणारच. ते परत आले नाहीत, तिथेच वारले, त्यांचा मुलगा तेव्हा तान्हा होता, हे सरळ सांगावं. ‘अमर झाले’ म्हणून शेवट केला तर मुलाचा प्रश्न तसाच राहतो.

या आठवड्याचा अभ्यास: कोटणीस स्मारक पाहून या, किंवा तुमच्या गावातलं एखादं खरं माणूस निवडा. त्याच्या आयुष्यातला एकच प्रसंग 150 शब्दांत लिहा. एकही गौरवाचं विशेषण नको, दहा शब्दांहून लांब वाक्य नको. मग तिसरीतल्या मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा, आणि वाचून झाल्यावर त्याने काय विचारलं ते खाली लिहून ठेवा. खुणांची वाक्यं दुरुस्त करा. त्याने विचारलेले प्रश्न जपून ठेवा, पुढचं प्रकरण त्यांतूनच निघेल.

पुढच्या भागात: मुलांच्या गोष्टींतले संवाद आणि बोलीभाषा.