घरपोच किराणा : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

किराणा मोबाइलवरून मागवावा की मार्टमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने निवडून आणावा, हा वाद मूळचा मुंबई-पुणे-बंगळुरूचा. परंतु वादाला वाहतूकखर्च पडत नसल्यामुळे माल पोचण्याच्या पुष्कळ आधी तो हिंगोलीस येऊन पोचला, आणि महानगरांच्या अनुभवावर बेतलेली मते येथल्या ओसरीवर, एसटीत आणि कचेरीच्या मधल्या सुट्टीत स्वानुभवाच्या थाटात बोलली जाऊ लागली. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेत वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात आणि तीत शहरांत राहणारे शंभरी सुमारे पंधरा. बाकीचे पंच्याऐंशी ज्या मुलखात खेड्यांतून राहतात, तेथे अंधेरीच्या बहुमजली इमारतीतले हिशेब जसेच्या तसे लागू पडतील, हे संभवत नाही.

सर्वांत दिपवून टाकणारा समज दहा मिनिटांत घरी पोचणाऱ्या मालाविषयीचा आहे. स्वार जिवावर उदार होऊन दुचाकी हाकतो म्हणून माल इतक्या त्वरेने येतो, असे सामान्यतः मानले जाते, आणि त्या बिचाऱ्यावर घाईचे दडपण असते हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि या त्वरेचे खरे रहस्य अंतरात आहे. ब्लिंकिट, झेप्टो यांसारख्या कंपन्या दोन-तीन किलोमीटरच्या टापूपुरती एक छोटी वखार उघडतात, तीत गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो, जिन्नस कोणत्या फळीवर आहे हे यंत्रच नोकराला सांगते, आणि पिशवी मिनिटा-दोन मिनिटांत भरून दाराबाहेर पडते. अशा वखारीचे भाडे, वीज आणि पगार भागायचे, तर त्या लहानशा टापूतून दिवसभर अखंड मागण्या याव्या लागतात. म्हणूनच या धंद्याने आधी दाट वस्तीची महानगरे धरली. हिंगोली शहराची वस्ती 2011 साली पंच्याऐंशी हजारांच्या आसपास होती, आणि सेनगाव-कळमनुरीकडच्या गावांत तर ‘ऑनलाइन किराणा’ याचा अर्थ बहुधा काही दिवसांनी कुरियरने येणारा सुका, सीलबंद, टिकाऊ माल एवढाच होतो. व्हॉट्सअॅपवर यादी टाकली आणि ओळखीच्या दुकानदाराने पोऱ्याबरोबर सामान धाडले, तर तीही घरपोच सेवाच झाली. पण तिची जाहिरात कोणी करीत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही.

आता स्वस्ताईचा प्रश्न. मोबाइलवर एक किंमत खोडलेली असते आणि तिच्याशेजारी दुसरी, कमी किंमत ठळक छापलेली असते. मार्टमध्येही फळीवर तशीच चिठ्ठी असते. आणि पाहणाऱ्याची समजूत होते की खोडलेली किंमत सरकारने ठरवलेली असून दुकानदार आपल्या पदरचे सोडत आहे. काही औषधांसारखे नियंत्रित जिन्नस वगळले, तर कमाल किरकोळ किंमत सरकार ठरवीत नाही. ती उत्पादक किंवा आवेष्टन करणारा ठरवतो, तीत सर्व कर अंतर्भूत असतात, आणि कायदा एवढेच म्हणतो की त्या आकड्याच्या वर कोणी विकू नये. खाली कितीही विकण्याची मुभा सर्वांना आहे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही, आणि तोही बहुतेकदा त्याखालीच विकतो. फक्त तो आकडा खोडून दाखवीत नाही. घरपोच आणून देण्याचे शुल्क मात्र मालाच्या किमतीहून वेगळे, सेवेचे म्हणून आकारले जाते. ते टाळण्यासाठी अमुक रुपयांची खरेदी पुरी करावी लागते, आणि ती पुरी करण्यासाठी नको असलेल्या दोन वस्तू टोपलीत पडतात. मार्टमध्ये हेच काम बिलाच्या रांगेजवळ मांडलेली चॉकलेटे करतात.

किमतीपेक्षाही वजन अधिक फसवे असते. वेष्टित मालासाठी ठरीव वजनांचे बंधन होते, ते 2022 पासून निघाले, आणि तेव्हापासून तेलाच्या पिशव्या चमत्कारिक वजनांच्या निघू लागल्या. उदाहरणादाखल समजा, एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅमची पिशवी 150 रुपयांस आहे आणि शेजारची, दिसायला तेवढीच फुगीर पिशवी 142 रुपयांस आहे, पण तीत 840 ग्रॅमच तेल आहे. पहिलीचा भाव किलोमागे 165 रुपयांच्या आतबाहेर पडतो, दुसरीचा 169 रुपये; आठ रुपये वाचवल्याच्या समाधानात गृहस्थ महाग तेल घेऊन घरी येतो. याचसाठी वेष्टनावर एकक दर, म्हणजे ग्रॅमामागे, किलोमागे किंवा लिटरमागे काय पडते, तो आकडा छापणे बंधनकारक झाले आहे. तो अत्यंत बारीक अक्षरांत असतो. परंतु पडद्यावर आणि फळीवर छापलेल्या सर्व आकड्यांत विश्वास ठेवण्याजोगा तेवढाच एक आहे, असे माझे मत आहे.

यापुढची गोष्ट महानगरांच्या वादात येतच नाही, आणि आमच्याकडे मात्र सर्व विषयाचे मर्म तीत आहे. किराणा दुकान महाग आणि मार्ट व मोबाइल स्वस्त, हे विधान करणारा माणूस बहुधा दोन भिन्न जातींच्या किमतींची तुलना करीत असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावर येते. हळद माघ-फाल्गुनात उकरून, शिजवून, वाळवून चैत्र-वैशाखात विकली जाते. मधल्या महिन्यांत शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते, आणि तरीही साखर, चहा, तेल, मीठ लागतेच. ते उधारीच्या वहीवर येते. दुकानदार चार-सहा महिने आपले भांडवल गुंतवतो, काही रक्कम बुडेल हे मनात धरतो, आणि या सर्वांची किंमत तो कुठेतरी भावात वसूल करतो. क्वचित वाजवीहून अधिकही करतो, हे लपवण्याचे प्रयोजन नाही. परंतु तो भाव तेलाचा आणि मुदतीचा मिळून झालेला असतो. मार्टचा भाव रोखीचा आहे. मोबाइलवर नंतर पैसे भरण्याची सवलत असली तरी तिची मुदत दिवसांनी मोजली जाते, पिकाने नव्हे, आणि हप्ता चुकला की दंड लागतो. नोकरदाराने पहिल्या तारखेला मार्टमधून महिन्याचे सामान भरावे यात शहाणपण आहे. त्याच शहाणपणाचा उपदेश सततच्या पावसाने सोयाबीन काळे पडलेल्या शेतकऱ्याला करणे हे मात्र अज्ञानाचे लक्षण होय. ज्याला खरी तुलना हवी, त्याने आपल्याच दुकानदाराला रोखीचा भाव विचारावा. तो पुष्कळदा मार्टच्या शेजारी येऊन बसतो.

सीलबंद ते शुद्ध आणि सुटे ते भेसळीचे, या समजाची परीक्षा घ्यायला हिंगोलीइतके योग्य ठिकाण नाही, कारण हळद ही या जिल्ह्याची मुख्य नगदी दौलत आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. येथल्या मोंढ्यात लिलावाने गेलेले हळकुंड दूरच्या गिरणीत दळले जाऊन रंगीत पाकिटातून याच जिल्ह्यातल्या फळीवर परत येऊ शकते. पाकिटावर गिरणीचा पत्ता असतो, शेताचा नसतो. दळलेले मसाले सुटे विकण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, ही गोष्ट कित्येक दुकानदारांच्याही गावी नाही. खाद्यतेलाचाही सर्वसाधारण नियम तोच. म्हणजे सीलबंद पुडीचा आग्रह निराधार नाही. मात्र सील हे माल मध्ये कोणी हाताळला नसल्याची साक्ष देते; आत मुळात काय भरले, याची जबाबदारी चौदा आकडी परवाना क्रमांक ज्याचा, त्याची. घरी करता येण्याजोगी एक चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितली आहे: काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर हळदपूड सोडावी आणि न ढवळता थांबावे. चांगली पूड खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. रंग घातलेली असेल तर खाली बसतानाच ती पाण्याला गडद पिवळे करते. आणि ज्याच्या भाऊबंदांच्या शेतात हळद आहे, त्याने हळकुंड आणून गिरणीतून दळून घ्यावे. पाकीट घ्यावे की सुटी, हा वाद त्याच्यापुरता उद्भवत नाही.

मोबाइलवर सर्व माहिती मिळते, हाही एक भ्रम आहे. 2018 पासून ऑनलाइन विक्रेत्याने वेष्टनावरचा बहुतेक मजकूर पडद्यावर दाखवला पाहिजे, असा नियम आहे. परंतु त्यातून उत्पादनाचा महिना आणि वर्ष यांना सूट दिलेली आहे. मार्टमध्ये पिशवी उलटी करून तारीख वाचता येते, आणि मागच्या रांगेतली ताजी पुडी पुढे ओढता येते. दुकानदार जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो हे गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. घरपोच मागवणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बजावले, की माल हाती पडताना त्याच्या आयुष्याचे तीस टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत. तेव्हा खोके उघडल्याबरोबर पहिली नजर तारखेवर टाकावी.

मार्टमध्ये फसवणूक होत नाही, असे मानण्याचेही कारण नाही. बिलासाठी मोबाइल क्रमांक सांगावाच लागतो, ही समजूत इतकी दृढ आहे की माणसे विचारण्यापूर्वीच दहा आकडे म्हणून टाकतात. वस्तुतः ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच असा आग्रह धरू नये, असे कळवले आहे. पिशवीचे पैसे आधी न सांगता ऐन बिलाच्या वेळी लावणे ही अनुचित प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये दिला. मोबाइलही या बाबतीत मागे नाही: न मागितलेली वस्तू किंवा देणगी टोपलीत गुपचूप घालण्याची तेथील युक्ती नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवलेल्या तेरा युक्त्यांपैकी एक आहे.

घरपोच सेवेने प्रदूषण घटते, असे सांगणारे बहुधा परदेशी अभ्यासाचा आधार घेतात, आणि तसा अभ्यास आहेही: वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली सिअॅटलविषयी दाखवले, की प्रत्येकाने आपापली मोटार काढण्यापेक्षा एकाच गाडीने घरोघर किराणा पोचवला तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन निम्म्याने वा अधिक घटते. तेथील तुलना मोटारीशी होती. जो पायी दुकानात जातो किंवा आठवडी बाजारातून येताना पिशवी भरून आणतो, त्याच्या दारी पुठ्ठ्याचे खोके आणून कोणता धूर वाचणार?

शेवटची भीती दूरत्वाची. दुकानदार समोर असतो, त्याची मान धरता येते. बंगळुरूच्या कंपनीशी हिंगोलीच्या माणसाने कोठे भांडावे, असे लोक म्हणतात. 1986 च्या जुन्या कायद्याखाली ही भीती बरीचशी साधार होती. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क दिला, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क ठेवले नाही. ऑनलाइन व्यापाराच्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे. सदोष, कमी भरलेला किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आयोगाकडे जाण्याआधी 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. तेथे मराठीतही बोलता येते. पुडी, बिल आणि खोके उघडतानाचे एखादे छायाचित्र तेवढे निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे.