कंपनीला माणूस मिळेना, माणसाला नोकरी मिळेना. मग घोडं नक्की अडतं कुठं?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतून एक चक्कर मारली की दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. गेटवर, विजेच्या खांबांवर चिकटवलेले कागद : ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत, फिटर-वेल्डर त्वरित संपर्क साधा. आणि हातात फाइल धरून एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरणारी पोरं.

मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, "आजकालच्या पोरांना कामच करायचं नाही." दुसरी म्हणते, "नोकऱ्याच नाहीत तर करणार काय?"

पण जागा रिकामी आणि माणूसही रिकामा, असं एकाच गावात एकाच वेळी कसं होऊ शकतं? हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर शोधल्याबद्दल पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्टोफर पिसारिडीस या तिघांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे उत्तर फक्त बेरोजगारीचं नाही. तुमच्या हातात पडणारा पगार एवढाच का, याचंही आहे.

नोकरी म्हणजे लासलगावचा कांदा नव्हे

जुन्या पुस्तकांतलं गणित लासलगावच्या कांदा लिलावासारखं होतं. सगळे ट्रॅक्टर एका आवारात, सगळे व्यापारी तिथंच. माल डोळ्यांसमोर असतो, बोली मोठ्यानं लागते. भाव पडला की माल उठतो, आवक कमी झाली की भाव चढतो. दिवस संपेपर्यंत हिशोब मिटलेला असतो.

या गणितानुसार कामगार बेकार राहायलाच नको. पगार थोडा खाली आला की सगळ्यांना काम मिळायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण नोकरीला असं एकच आवार नाही. कोणत्या कंपनीत जागा आहे हे पोराला माहीत नसतं. कोणता पोरगा कामाला कसा आहे हे कंपनीला माहीत नसतं. दोघांनाही शोधत बसावं लागतं आणि शोधायला पैसा, वेळ, ओळख आणि उमेद लागते.

१९६२ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञानं मुद्दा मांडला, की माहिती फुकट मिळत नाही आणि म्हणूनच एकाच कामाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा पगार असतो. १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी पुढचा प्रश्न घेतला : शोधणाऱ्यानं कुठं थांबायचं?

मनातला आकडा

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो. त्याच्याखाली नोकरी आली तर 'नको', वर आली तर 'चालेल'. अर्थशास्त्रात याला रिझर्वेशन वेज म्हणतात. आपल्याकडच्या आरक्षणाशी याचा काही संबंध नाही. आपण याला सरळ 'मनातला आकडा' म्हणू.

समजा, आयटीआय फिटर केलेले दोन मित्र आहेत. ट्रेड एक, मार्क सारखे. एकाचं घर अंबडला लागून असलेल्या सिडकोत आहे, दुसरा सुरगाण्याहून आलाय. दोघांना तेरा हजारांची ऑफर आली. सिडकोतला पोरगा विचार करतो, 'अजून एक महिना बघू.' घरी जेवण आहे, राहायला जागा आहे. सुरगाण्याच्या पोराला खोलीचं भाडं आहे, मेसचे पैसे आहेत, घरी पैसेही पाठवायचेत. त्याचा एक महिना फुकट जात नाही, विकत जातो. तो तेरा हजारांवर सही करतो. महिन्याभरानं पहिल्याला सोळा हजारांची जागा मिळूही शकते.

आकडे काल्पनिक आहेत, पण तर्क खरा आहे. दोघांच्या कौशल्यात फरक नव्हता, फरक थांबण्याच्या ताकदीत होता. म्हणजे पगार फक्त शिक्षणावर आणि मेहनतीवर ठरत नाही. किती दिवस 'नको' म्हणता येतं, यावरही तो ठरतो.

मालकांनी संगनमत न करताही पगार खाली

आता पीटर डायमंड यांचा १९७१ चा युक्तिवाद. तो मुळात वस्तूंच्या किमतीबद्दल होता, पण पगाराला लावला तर झोप उडते.

समजा, एका वसाहतीत शंभर कारखाने आहेत आणि सगळे चौदा हजार देतात. दुसरीकडे काम शोधायचं तर कामगाराला दोन खाडे पडतात, बसभाडं जातं. धरून चला, पाचशे-हजार रुपये. आता एका मालकानं पगार दोनशेनं कमी केला. कामगार काय करेल? दोनशेसाठी हजार कोण घालवणार? तो गप्प राहतो. हेच गणित बाकीच्या नव्याण्णव मालकांनाही कळतं. सगळे दोनशेनं खाली येतात. मग पुन्हा दोनशे. असं करत पगार तळाला जातो.

इथं कुणी बंद खोलीत बसून ठरवलेलं नाही. मालक शंभर आहेत, स्पर्धा आहे, तरीही पगार पडतो. कारण एकच : शोधायला खर्च येतो. प्रत्यक्षात एवढी टोकाची घसरण होत नाही, कारण किमान वेतनाचा कायदा असतो, युनियन असते, चांगला कारागीर टिकवायचा म्हणून स्वतःहून जास्त देणाऱ्या कंपन्याही असतात. पण या आधारांपैकी एकेक काढून घेतला की काय होतं, हे ठेकेदाराकडून कामाला लागलेल्या कुणालाही विचारा.

गिरणारेचा मजूर बाजार

नाशिक शहरापासून जवळच्या गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातले आदिवासी शेतकरी पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारावर भात-नागली पिकवतात. पीक निघालं की द्राक्षबागांच्या कामासाठी खाली उतरतात.

इथं लासलगावसारखी परिस्थिती आहे. मजूर आणि बागायतदार एकाच जागी, रोज तोंडावर ठरतो. शोधाचा खर्च जवळपास शून्य. मग मजुराला चांगला भाव मिळायला हवा ना?

कधी मिळतो, कधी नाही. ज्याला काम लागलं नाही, त्याचं जीपचं भाडं गेलं आणि दिवसही गेला. ऊन चढतं तशी मजुराची 'नको' म्हणण्याची ताकद उतरत जाते. पण ऑक्टोबर छाटणीचा हंगाम आला की उलटं होतं. सगळ्या बागा एकाच वेळी छाटणीला येतात आणि द्राक्षाची वेल थांबत नाही. तेव्हा बागायतदार घाईत असतो, टोळ्या एकरावर उक्तं काम ठरवतात आणि भाव चढतो.

नियम तोच. ज्याला थांबता येत नाही, तो नमतं घेतो.

घरी बसल्या पर्याय असेल तर?

महाराष्ट्रानं यावर एक उत्तर देशाच्या आधी शोधलं होतं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये याच धर्तीवर देशभरासाठी कायदा आला.

रोहयोची चर्चा नेहमी 'किती लोकांना काम मिळालं' इथंच थांबते. पण क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांच्या २०१५ च्या अभ्यासात वेगळी गोष्ट दिसली. जिथं योजना नीट राबवली गेली, तिथं खासगी शेतावरची, बांधकामावरची रोजंदारीही वाढली. आंध्र प्रदेशात रोहयोची मजुरी स्मार्टकार्डनं वेळेवर मिळायला लागली, तेव्हाही बाजारातली मजुरी वाढल्याचं कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांना आढळलं. मजुरी वाढली म्हणून कामं मात्र कमी झाली नाहीत.

कारण साधं आहे. गावात काम मिळू शकतं हे माहीत असलं, की बाहेरच्या मालकाला 'एवढ्यात नाही परवडत' असं सांगता येतं.

पण थांबणंही महाग पडतं

याचा अर्थ जितकं थांबाल तितकं चांगलं, असा नाही. भारतीय रोजगार अहवाल २०२४ नुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो फक्त ३.४ टक्के होता. शिकलेल्यांना काम नाही आणि न शिकलेल्यांना मुबलक आहे, असं यातून वाटेल. पण बेरोजगार राहणं हेसुद्धा परवडावं लागतं. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची आहे, तो मिळेल ते काम करतो आणि आकडेवारीत 'रोजगार असलेला' ठरतो.

पदवीधर मात्र थांबतो. अनेकदा स्पर्धा परीक्षेसाठी. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञानं पुण्यातल्या अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सरकारी नोकरीची त्यांच्या लेखी असलेली किंमत नुसत्या पगारापेक्षा कितीतरी जास्त निघाली. तमिळनाडूत २००१ नंतर पाच वर्षं बहुतेक सरकारी भरती गोठवली होती. तेव्हा पोरांनी दुसरा रस्ता धरला असेल असं वाटेल. झालं उलटंच. पदवीधर मुलं अभ्यासाला आणखी चिकटून राहिली. अनेक वर्षांनंतरही त्या पिढीची कमाई इतरांपेक्षा कमीच राहिली.

त्यामुळं भरतीच्या तारखा लांबणं ही फक्त 'थोडी वाट बघा'ची गोष्ट नसते. त्या वाट बघण्याचं बिल पुढं आयुष्यभर फाटत राहतं.

ओळख कुणाची, किती लांबची?

आपल्याकडं नोकरीचा शोध बहुतेक वेळा 'आपला माणूस आत आहे' इथून सुरू होतो. त्यात चूक काही नाही, शोधाचा खर्च त्यानं वाचतो. पण त्याची दुसरी बाजू मुंबईतल्या दादरमध्ये दिसली. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या शाळांमधल्या मराठी कुटुंबांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जातींची कारखान्यांत, कामगारांच्या नोकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ओळख होती, त्यांची मुलं त्याच वाटेनं जात राहिली. बाहेर ऑफिसच्या नोकऱ्यांचे पगार वाढत होते, तरीही. मुलींसाठी अशी ओळखीची वाट नव्हतीच. म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडं लवकर वळल्या आणि नव्या नोकऱ्यांसाठी तयार झाल्या.

जवळची ओळख दार उघडते, पण बऱ्याचदा एकच दार. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच सांगितलं होतं, की नव्या नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा लांबच्या ओळखीतून येण्याची शक्यता जास्त. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगातही साधारण तेच दिसलं.

आणि काहींसाठी दार नाव वाचूनच बंद होतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं फक्त आडनाव. दलित आणि मुस्लिम नावांना प्रतिसाद कमी आला. त्यांना तेवढ्याच उत्तरांसाठी जास्त अर्ज करावे लागतात. म्हणजे शोधाचा खर्चही सगळ्यांना सारखा नाही.

मग काय केलं तर फरक पडतो?

नुसतं ॲप काढून भागत नाही. भारतातच व्यवसाय प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांना एका जॉब पोर्टलवर जोडून नोकऱ्यांचे मेसेज पाठवले, तेव्हा त्यांच्या अपेक्षा वाढल्या आणि हातातलं काम कमी झालं. चांगली नोकरी येतेच आहे, असं वाटून ते थांबले.

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबात संशोधकांनी दोन गोष्टी करून बघितल्या. काही तरुणांना नोकरी शोधायला बसभाडं दिलं. काहींना अर्ज लिहायला, मुलाखत द्यायला शिकवलं आणि त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं. चार वर्षांनी बसभाड्याचा परिणाम विरून गेला होता. प्रमाणपत्रवाल्यांची कमाई मात्र वाढलेली होती.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडं याच नजरेतून बघता येईल. बारावी पास तरुणाला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार, असं तिचं विद्यावेतन ठरलं. पण खरी कसोटी पैशांची नाही. त्या अनुभवाच्या कागदावर पुढचा मालक विश्वास ठेवतो का, ही आहे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय खांबावरच्या त्या कागदातच आहे. 'पगार योग्यतेनुसार' असं लिहिण्याऐवजी आकडा लिहिला, तर पोराचा एक खाडा वाचतो आणि कंपनीच्या दहा मुलाखती.

नोकरी शोधणाऱ्यानं काय करावं? 'नको' म्हणायला बळ देणारी प्रत्येक गोष्ट पगार वाढवते, हे लक्षात ठेवावं. बाजूला टाकलेला एक महिन्याचा खर्च, दुसऱ्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला विचारलेला खरा पगार, जुन्या बॅचच्या मित्राला केलेला एक फोन. आणि घरच्यांनी? पोरगा दोन महिने घरी दिसला की लगेच आळशी ठरवू नये. कदाचित तो त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या पगाराची बोली लावत असेल.